जुन्या एमपीएफआय गाडीचं पेट्रोल प्रेशर: पंप बदलण्याआधी काय काय तपासायचं

रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सेल्फ लांबवल्याशिवाय सुरू होत नाही, पण दिवसभरात नंतर चटकन सुरू होते. सपाट रस्त्यावर साठच्या वेगाला काही तक्रार नसते. पण पुण्याजवळच्या बोपदेव किंवा दिवे घाटात तिसऱ्या गिअरला पूर्ण रेस दिली की ओढत नाही, हिसके देते, आणि पाय जरा उचलला की पुन्हा चालायला लागते. एप्रिल-मेच्या उन्हात सिंहगड रस्त्यावर अर्धा तास अडकली की आयडलिंग डगमगतं, गाडी बंद पडते, आणि पंधरा-वीस मिनिटांनी काही झालंच नव्हतं अशी सुरू होते. टाकी पावच भरलेली असताना त्रास जास्त, भरलेली असताना कमी. यातली दोन लक्षणं एकत्र दिसली तर पेट्रोलच्या प्रेशरवर संशय घ्यायला जागा आहे.

प्रेशर जास्त झाल्याची लक्षणं वेगळी असतात: काळसर धूर, काजळी धरलेले प्लग, मागून कच्च्या पेट्रोलचा वास, घसरलेलं ॲव्हरेज आणि गरम इंजिन सुरू व्हायला वेळ. हे कमी वेळा घडतं, पण ज्या गाडीला इंजिनाकडून टाकीकडे परतीचा पाइप आहे तिच्यात घडू शकतं.

इथे लिहिलेलं साधारण २००० ते २०१२ या काळातल्या साध्या एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर असलेल्या) पेट्रोल गाड्यांसाठी आहे. पंप टाकीत, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर इनटेक मॅनिफोल्डवर (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांवर), प्रेशर तीन बारच्या आसपास. डिझेल कॉमन रेल आणि पेट्रोल डायरेक्ट इंजेक्शनच्या गाड्यांना यातलं काहीही लावू नका. तिथल्या हाय प्रेशर पाइपातलं प्रेशर शेकडो बारमध्ये असतं आणि सुटलेली धार कातडीत घुसते.

अशी तक्रार घेऊन गेलं की बहुतेक ठिकाणी पहिला उपाय ठरलेला असतो: पंप बदला. नवा पंप बसतो, पंधरा दिवस गाडी बरी चालते आणि मग तेच सुरू. पंप खराब होतो यात शंका नाही, पण अनेकदा तो त्याच्या तोंडाशी असलेल्या तुंबलेल्या जाळीने, कमी व्होल्टेजने किंवा कोरड्या टाकीने मारलेला असतो. मूळ कारण तसंच राहिलं तर नवा पंपही त्याच वाटेने जातो. म्हणून मोजल्याशिवाय पंप बदलायचा नाही.

आधी दोष पेट्रोलचा की करंटचा

पेट्रोल कमी पडलं की गाडी हळूहळू दम सोडते. एक-दोन सेकंद ओढ कमी होते, हिसके बसतात, मग बंद. इग्निशन गेलं तर स्विच बंद केल्यासारखी एकदम मरते. गाडी मरताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. चाकं गिअरमध्ये फिरत असतानाही काटा धाडकन शून्यावर आला, तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कळवणारा सेन्सर) तपासायला हवा. गरम झाल्यावर बंद पडणारा आणि थंड झाल्यावर जागा होणारा क्रँक सेन्सर हुबेहूब पंपासारखी लक्षणं दाखवतो. शिवाय सेन्सरचा सिग्नल गेला की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पंपाला करंट देणारा रिलेही सोडतो, त्यामुळे पंप बंद दिसतो आणि दोष त्याच्या माथी बसतो.

पुण्यात अशा कितीतरी गाड्यांना नंतर सीएनजी किट बसवलेलं आहे. तुमच्या गाडीला असेल तर सगळ्यात चांगली चाचणी फुकटात होते. त्याच घाटात, त्याच गिअरमध्ये एकदा सीएनजीवर आणि एकदा पेट्रोलवर चालवा. सीएनजीवर सुरळीत चढते आणि पेट्रोलवर हिसके देते, तर प्लग, कॉइल, क्रँक सेन्सर, कॉम्प्रेशन यांच्यावरचा संशय जवळपास संपला. दोष टाकीपासून इंजेक्टरपर्यंत कुठेतरी आहे. दोन्हीवर सारखाच त्रास असेल तर पेट्रोल प्रेशर सोडा आणि इग्निशनकडे वळा.

सीएनजीवाल्यांसाठी अजून एक. रोज गॅसवर फिरायचं आणि टाकीत दोन-तीन लिटर पेट्रोल ठेवायचं, ही सवय पंपाचा जीव घेते. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो आणि पेट्रोलनेच त्याला वंगण मिळतं. अनेक किटमध्ये गॅसवर चालताना फक्त इंजेक्टर बंद होतात, पंप चालूच असतो. म्हणजे तो तासन् तास जवळपास कोरडा फिरतो. किट बसवणाऱ्याला विचारून गॅसवर पंप बंद करणारा रिले आहे का ते बघा. असो वा नसो, टाकी पावाच्या खाली जाऊ देऊ नका आणि रोज काही किलोमीटर गाडी पेट्रोलवर चालवा. महिनोन् महिने पडून राहिलेलं पेट्रोल चिकट होतं आणि इंजेक्टरच्या तोंडाशी साका धरतो.

एक रुपयाही न लागणाऱ्या तपासण्या

टाकी निम्म्याच्या वर भरा आणि तोच रस्ता पुन्हा चालवा. काट्यावर विश्वास ठेवू नका. जुन्या गाड्यांचा फ्लोट खोटं सांगतो. चढावर पेट्रोल टाकीत मागे सरकतं आणि पंपाचं तोंड उघडं पडून तो हवा ओढतो. भरलेल्या टाकीवर त्रास पूर्ण गेला तर एवढंच कारण असू शकतं. पण त्रास नुसता कमी झाला तर जाळी तुंबल्याचा संशय घट्ट होतो.

गाडी हिसके द्यायला लागली की सुरक्षित जागी कडेला घ्या, इंजिन बंद करा आणि टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढली जाताना जोराचा सूं असा आवाज आला आणि त्यानंतर गाडी काही काळ नीट चालली, तर टाकीला हवा मिळत नाहीये. झाकणातला व्हॉल्व्ह किंवा चारकोल कॅनिस्टरकडे (पेट्रोलची वाफ शोषणाऱ्या डब्याकडे) जाणारा पाइप तुंबला आहे. थोडासा आवाज सगळ्याच गाड्यांत येतो, त्याने दचकू नका.

आता पंपाचा आवाज. खिडक्या बंद, एसीचा पंखा बंद, टेप बंद. चावी ऑनवर आणा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद घुर्र असा आवाज येऊन थांबला पाहिजे. ऐकू येत नसेल तर दुसऱ्याला चावी फिरवायला सांगून टाकीच्या तोंडाशी कान न्या. आवाज मुळीच नाही, तर पुढचा शोध फ्यूज, रिले आणि वायरिंगचा. आवाज किरकिरा, चढउतार करणारा किंवा पूर्वीपेक्षा बराच मोठा असेल तर पंप जोर लावून ओढतोय. आवाज आला म्हणजे प्रेशर आलं असं मात्र समजू नका. झिजलेला पंपही छान घुरघुरतो.

सकाळी उशिरा सुरू होणाऱ्या गाडीसाठी खास चाचणी: चावी ऑन, तीन सेकंद थांबा, ऑफ. असं चार वेळा करा आणि मग सेल्फ मारा. एरवी सात-आठ सेकंद घेणारी गाडी आता लगेच सुरू झाली, तर पंपात दम आहे पण रात्रभरात लाइनमधलं प्रेशर निघून जातंय. हे प्रेशर कुठून निघतं ते प्रेशर मोजायचा गेज लावल्यावर शोधता येतं. एवढ्या एका चाचणीने अनेकांचा पंपाचा खर्च वाचू शकतो, कारण उशिरा सुरू होण्याचं खापर लगेच पंपावर फोडलं जातं.

फ्यूज, रिले, अर्थ

पंपाचा फ्यूज बहुधा १५ अँपिअरचा असतो. बॉक्सच्या झाकणावरचा आकडा खरा मानायचा. फ्यूज नुसता बघू नका, काढून पाय बघा. तापून तपकिरी झालेले असतील तर सॉकेट ढिला आहे आणि तिथेच व्होल्टेज खाल्लं जातंय. फ्यूज पुन्हा पुन्हा जातो म्हणून मोठ्या अँपिअरचा घालायचा नाही. पंप अडकतोय किंवा वायर घासून बॉडीला लागतेय, म्हणून तो जातोय. मोठा फ्यूज घातला की जळायची पाळी वायरची.

रिलेची तपासणी सोपी आहे. त्याच नंबरचा रिले बहुधा हॉर्नला किंवा पंख्याला असतो. दोन्ही अदलाबदल करा आणि त्रास जातो का बघा. रिलेचे आतले पॉइंट जळकट झाले की तो कधी लागतो, कधी नाही. नवा रिले पुण्यात नाना पेठेत सहज मिळतो. गाडीतला जुना रिले सोबत न्या आणि त्याच्यावरचा नंबर जुळवून घ्या, पायांची मांडणी सारखी दिसते म्हणून घेऊ नका. फोर्ड आणि फियाटच्या काही जुन्या गाड्यांत धक्का बसल्यावर पंप तोडणारा इनर्शिया स्विच असतो. मोठ्या खड्ड्यात आदळल्यानंतर गाडी सुरूच होत नसेल, तर मॅन्युअलमध्ये त्याची जागा बघून वरचं बटण दाबा. मात्र धक्का अपघाताचा असेल तर आधी पेट्रोल कुठे गळत नाही याची खात्री करा.

मल्टिमीटर असेल तर पुढची तपासणी जरूर करा. पंपाच्या कनेक्टरवर, पंप फिरत असताना, बॅटरीच्या व्होल्टेजपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त घट नसावी. कनेक्टर काढून मोजलं तर आकडा नेहमी चांगलाच येतो, कारण करंट वाहतच नसतो. मोजायचं ते जोडलेल्या कनेक्टरच्या मागच्या बाजूने. मग मीटरची एक पिन पंपाच्या अर्थ वायरला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. इथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब आहे. जुन्या गाड्यांत मागच्या कार्पेटखाली पावसाळ्याचं पाणी मुरतं, अर्थचा बोल्ट गंजतो, आणि पंपाला बारा-तेराऐवजी दहा व्होल्ट मिळतात. पंप फिरतो, आवाज करतो, आयडलिंगपुरतं पेट्रोलही देतो, फक्त चढाला कमी पडतो. बोल्ट काढून पॉलिश पेपरने जागा चकचकीत करा, घट्ट बसवा, वरून ग्रीस लावा. या दुरुस्तीला जवळपास काहीच लागत नाही.

एका गोष्टीबद्दल फार काळजी वाटते. रिलेचा शोध घेण्याऐवजी काही ठिकाणी बॅटरीवरून किंवा इग्निशनवरून पंपाला सरळ वायर टाकून देतात आणि "डायरेक्ट केलं" म्हणतात. मूळ व्यवस्थेत इंजिन थांबलं की दोन-तीन सेकंदांत ईसीयू पंप तोडतो. अपघातात पाइप फुटला तरी त्यामुळे पेट्रोल वाहत राहत नाही. डायरेक्ट केलेल्या गाडीत चावी ऑन आहे तोवर पंप फुटक्या पाइपातून पेट्रोल ओततच राहतो. तुमच्या गाडीत असं केलेलं असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते काढून घ्या.

फिल्टर आणि पेट्रोल

बाहेर फिल्टर असलेल्या गाडीत तो किती जुना आहे हे माहीत नसेल तर सरळ बदला. जुना फिल्टर काढल्यावर त्यातलं पेट्रोल उलट्या दिशेने, म्हणजे इनलेटच्या बाजूने, पांढऱ्या डब्यात ओता. स्वच्छ निघालं तर ठीक. लालसर गाळ आला तर टाकी आतून गंजतेय. काळा भुगा आला तर रबर झडतंय, आणि टाकीतला पाइप बघावा लागणार. नव्या फिल्टरवरचा बाण इंजिनाकडे हवा. क्लिप इंजेक्शनच्या पाइपाच्याच घ्या. तारेच्या किंवा धार असलेल्या क्लिप तीन बार प्रेशरला रबर कापतात.

इथे पेट्रोलबद्दल बोलायला हवं. पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. २०१० च्या आधीच्या गाडीचं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं. इथेनॉलने जुनं रबर फुगतं, मऊ पडतं, कधी चिरतं. शिवाय टाकीच्या तळाचा जुना साका सुटून जाळीत आणि फिल्टरमध्ये येतो. म्हणून अशा गाडीत फिल्टर नेहमीपेक्षा लवकर बदला आणि रबरी पाइप बदलताना एसएई ३०आर९ छापलेला घ्या. टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला पाइप मात्र ३०आर१०च हवा. बाहेरचा पाइप आत वापरला तर बाहेरच्या बाजूने पेट्रोल शोषून तो काही महिन्यांत पिचतो.

पावसाळ्यात त्रास सुरू झाला असेल तर पेट्रोल तपासा. फिल्टरमधून निघालेलं पाव लिटर पेट्रोल काचेच्या बरणीत पंधरा मिनिटं स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी आहे. इथेनॉल पाण्याला धरून ठेवतं, पण मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन खाली बसतात आणि पंप नेमकं तेच आधी ओढतो. वरून ताजं पेट्रोल भरून हे जात नाही, टाकी रिकामी करावी लागते.

गेज लावणं

यापुढचं काम पेट्रोलच्या धारेशी आहे. सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये हे करायचं नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते आणि दूरच्या लिफ्टच्या मोटरच्या किंवा स्विचच्या ठिणगीनेही पेटू शकते. उघड्यावर, सावलीत, थंड इंजिनावर काम करा. किमान दोन किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा, आणि तापणाऱ्या बल्बऐवजी एलईडी टॉर्च वापरा. डोळ्यांना चष्मा हवा.

आधी प्रेशर उतरवा. पंपाचा रिले काढा, इंजिन सुरू करा, ते आपोआप बंद पडेल. मग दोन-तीन सेकंदांचे दोन सेल्फ मारा आणि बॅटरीची निगेटिव्ह काढा. पाइप सोडताना भोवती जाड सुती फडकं गुंडाळा. थोडं पेट्रोल तरीही येतं. गेज ० ते ७ बारचा, म्हणजे १०० पीएसआयचा घ्या. बऱ्याच जुन्या मारुती आणि ह्युंदाईंना रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीवर) गेज लावायचा व्हॉल्व्ह नसतो. त्यांना फिल्टर आणि रेलच्या मधल्या पाइपात टी (तीन तोंडांचा जोड) टाकावा लागतो. किटमधला टी पाइपात हाताने हलत असेल तर तो वापरू नका. जोडून झालं की बॅटरी आणि रिले लावून, सेल्फ न मारता, चावी तीनदा ऑन-ऑफ करा आणि प्रत्येक सांधा टॉर्चने बघा. एकही थेंब दिसला तर तिथेच थांबा.

परतीचा पाइप असलेल्या गाडीत इंजिन बंद आणि पंप चालू असताना साधारण २.५ ते ३ बार मिळतं, म्हणजे ३६ ते ४४ पीएसआय. आयडलिंगला ते साधारण अर्ध्या बारने उतरतं, कारण प्रेशर ठरलेल्या आकड्यावर ठेवणाऱ्या रेग्युलेटरला मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम जोडलेला असतो. व्हॅक्यूमचा बारीक पाइप काढून तोंड बोटाने दाबलं की काटा पुन्हा वर गेला पाहिजे. त्या पाइपात पेट्रोल किंवा त्याचा वास असेल तर रेग्युलेटरचा पडदा फाटला आहे. पुढे काही न बघता रेग्युलेटर बदला. ज्या गाड्यांना परतीचा पाइप नाही त्यांत रेग्युलेटर टाकीतच असतो आणि आकडा आयडलिंगलाही हलत नाही, मॉडेलप्रमाणे ३ ते ३.५ बार. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या.

आकडा बरोबर आला की लोक गेज काढून टाकतात. इथेच निदान चुकतं. उभ्या गाडीत इंजिन फार थोडं पेट्रोल पितं, तेवढं मरायला टेकलेला पंपही देतो. प्रेशर बघायचं ते ओढ असताना. गेजचा पाइप लांब असेल तर तो बॉनेटच्या कडेने बाहेर काढून काचेवर चिकटपट्टीने असा लावा की आतून दिसेल. गेज केबिनमध्ये मुळीच घ्यायचा नाही. आत गळती झाली तर गाडीतून उतरायलाही वेळ मिळत नाही. बॉनेट पाइप चिरडत नाही ना आणि दोन्ही कुलपं लागली ना ते बघा. एक जण गाडी चालवेल, दुसरा काटा बघेल. लांब, मोकळा चढ निवडा. पहाटेचा बोपदेव त्यासाठी चांगला आहे. नवले पुलाच्या बाजूचा उतार किंवा गर्दीचा हायवे नको. तिसऱ्या गिअरला पूर्ण रेस, आठ-दहा सेकंद. काटा आपल्या जागी राहिला किंवा परतीच्या पाइपाच्या गाडीत वर गेला, तर पेट्रोलचा पुरवठा निर्दोष आहे. हळूहळू ३ वरून २ कडे उतरला, तर पेट्रोल कमी पडतंय.

तीनचे दोन बार होणं किती मोठं आहे ते बघा. इंजेक्टरमधून निघणारं पेट्रोल प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं, त्यामुळे साधारण १८ टक्के पेट्रोल कमी पडतं. सपाटीवर ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो आणि घट भरून काढतो. पूर्ण रेसला तो सेन्सरकडे न बघता ठरलेल्या तक्त्याने चालतो, आणि मिश्रण कोरडं पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. म्हणून शहरात बरी चालणारी गाडी घाटात उघडी पडते. असंच रेटत राहिलं तर इंजिन ठोकायला लागतं आणि पिस्टन, व्हॉल्व्ह यांना उष्णतेचा मार बसतो.

ओबीडी स्कॅनर (ईसीयूमधले आकडे वाचणारं यंत्र) असेल तर लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा बघा. अधिक १० च्या वर कायम असेल आणि पी०१७१ (मिश्रण कोरडं) हा कोड असेल तर गेजच्या निदानाला दुजोरा मिळतो. २० टक्के इथेनॉलमुळे जुन्या गाडीत अधिक चार-पाच तसंही दिसतं, तो दोष नाही. २०१० च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांत साधा स्कॅनर बोलतच नाही. त्यात वेळ घालवू नका.

ओढ असताना प्रेशर पडत असेल आणि फिल्टर, व्होल्टेज, अर्थ ही कामं झालेली असतील, तर उरतात टाकीतली जाळी, टाकीतला पाइप आणि पंप. परतीच्या पाइपाच्या गाडीत एक झटपट चाचणी आहे. पंप चालू असताना परतीचा रबरी पाइप मऊ जबड्याच्या क्लॅम्पने एक-दोन सेकंद दाबा. काटा झपकन ५ बारच्या पुढे गेला तर पंपात भरपूर दम आहे आणि दोष रेग्युलेटरचा. जागचा हलला नाही तर टाकीकडे चला. दोन सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका आणि कडक झालेला पाइप तर दाबूच नका, तो चिरतो. प्रेशर जास्त दाखवणाऱ्या गाडीत परतीचा पाइप कुठे दुमडला, चेपला आहे का ते बघा, मग रेग्युलेटर.

सकाळच्या त्रासासाठी इंजिन बंद केल्यावर काटा बघा. थोडं उतरून तो २ बारच्या वर किमान पाच मिनिटं टिकला पाहिजे. लगेच शून्याकडे निघाला तर पुन्हा प्रेशर भरा आणि टाकीकडून येणारा पाइप गेजच्या आधी क्लॅम्प करा. आता टिकलं, तर पंपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारा) किंवा टाकीतला पाइप गळतोय. तरीही उतरलं, तर परतीचा पाइपही क्लॅम्प करा. आता टिकलं तर रेग्युलेटर. अजूनही उतरतंय आणि बाहेर कुठे ओल नाही, तर एखादा इंजेक्टर थेंब सोडतोय. कोणत्या सिलिंडरचा प्लग ओला आणि काळा आहे त्यावरून तो सापडतो. इंजेक्टर साफ करायला अल्ट्रासॉनिकवाल्याकडे द्या.

टाकी उघडण्याआधी

काही गाड्यांत मागच्या सीटखाली पत्र्याचं झाकण असतं आणि तिथून पंपाचं असेंब्ली वर निघतं. काहींत टाकीच खाली उतरवावी लागते. दुसऱ्या प्रकारात हात घालू नका. जॅकवर उभी गाडी, अर्धी भरलेली टाकी आणि गंजलेले पट्टे यांची जोडी घरी सांभाळता येत नाही. डिकीत सीएनजी सिलिंडर असेल आणि त्याचा सांगाडा सोडावा लागणार असेल, तरीही थांबा. त्या पाइपात २०० बारपर्यंत गॅस असतो आणि तो फक्त अधिकृत किटवाल्यानेच सोडायचा.

झाकण असलेल्या गाडीत पेट्रोल पावापर्यंत आणा, प्रेशर उतरवा, बॅटरी काढा, चारही दरवाजे उघडे ठेवा. झाकणाभोवतीची माती ब्रशने आणि ओल्या फडक्याने पुसून काढा. इथे व्हॅक्यूम क्लीनर चालवायचा नाही, त्याच्या मोटरची ठिणगी पुरेशी आहे. असेंब्ली बाहेर आली की आधी जाळी बघा. पांढरी किंवा फिकट जाळी काळपट, चिकट झाली असेल तर बहुतेक वेळा हेच कारण. ती धुऊन परत लावू नका, नवीच बसवा. मग पंपापासून वर जाणारा लहानसा पाइप वाकवून बघा. बारीक चीर असेल तर पंप मारतो तेवढं पेट्रोल परत टाकीतच सांडतं, आणि बाहेरून पंप मेल्यासारखाच दिसतो. जाळी आणि पाइप दोन्ही ठीक असतील, तरच पंप बदला.

नुसती मोटर बदलणं पूर्ण असेंब्लीपेक्षा खूप स्वस्त पडतं आणि नीट बसवली तर चालतेही. तिच्यासोबत नवी जाळी, नवी ओ-रिंग आणि बुडणारा पाइप एकदमच घ्या. मोटरचा प्रेशर रेटिंग आणि कनेक्टर जुन्याशी जुळला पाहिजे. पंप पेट्रोलबाहेर कोरडा फिरवून "चालतोय का" बघू नका. काही सेकंदांतही ब्रश खराब होतात आणि ठिणगीजवळ वाफ असते. वरची मोठी ओ-रिंग जुनीच ठेवली तर टाकी फुल केल्यावर केबिनमध्ये वास येतो, आणि मग सगळं पुन्हा उघडावं लागतं.

कधी थांबायचं

केबिनमध्ये पेट्रोलचा वास येतोय, गाडीखाली ओल दिसतेय किंवा पंपाचा कनेक्टर वितळलेला आहे: गाडी सुरू न करता टोइंग बोलवा. गेजचा सांधा घट्ट बसत नाही, पाइपांची टोकं प्लॅस्टिकच्या क्विक कनेक्टरची आहेत आणि ती सुटत नाहीत, किंवा टाकीत पाणी सापडलंय: गॅरेजला द्या. पाणी मिसळलेलं पेट्रोल तिथेच सोपवा, ड्रेनेजमध्ये ओतू नका. ओढ असतानाही प्रेशर नीट राहतंय आणि तरी गाडी बंद पडतेय, तर पेट्रोलची बाजू संपली. मेकॅनिकपेक्षा चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा आणि क्रँक सेन्सरपासून सुरुवात करायला सांगा.

गॅरेजमध्ये देताना नुसतं "पिकअप नाही" म्हणू नका. कुठल्या गिअरला, किती पेट्रोल असताना, गरम की थंड, सीएनजीवर कशी चालते, फिल्टर कधी बदलला, कोणते आकडे मोजले हे कागदावर लिहून द्या. काम सुरू करण्याआधी गेज लावून तीन आकडे मागा: चावी ऑनवरचा, चढावर पूर्ण रेसचा, आणि इंजिन बंद केल्यावर पाच मिनिटांनंतरचा. पंप बदलला तर जुना पंप आणि जुनी जाळी परत मागा, आणि तेच तीन आकडे काम झाल्यावर पुन्हा घेऊन बिलावर लिहून घ्या. गेज नसलेल्या गॅरेजला हे काम देऊ नका.